हळूबाई डिस्कोत

कवळ्या बनवायच्या खोलीत तिला सगळे हळूबाई म्हणायचे. तोंडावर नाही, पण तिच्या कानावर येईल इतपत. ती खोली म्हणजे दातांच्या डॉक्टरांच्या दवाखान्यामागची एक लांबोडकी जागा. दोन टेबलं, मेण वितळवायचा दिवा, प्लॅस्टरच्या जबड्यांनी खच्चून भरलेली मांडणी आणि कोपऱ्यात कवळ्यांना पॉलिश करायचं चाक. हळूबाई तिथे वीस वर्षं काम करत होती. मेणात एकेक दात बसवताना तिचा हात कधी हलला नाही आणि आवाज कधी वर गेला नाही. तिच्याशी बोलायचं तर कान तिच्या तोंडापाशी न्यावा लागे. डॉक्टर म्हणायचे, "बाई, जरा मोठ्यानं बोला, माझे कान म्हातारे झालेत." ती मान डोलवायची आणि तेच वाक्य तितक्याच हळू परत म्हणायची.

याला कारण होतं. ती चोवीस वर्षांची असताना तिच्या आईला मोठा ताप आला. ताप उतरला, पण जाताना आईच्या कानांचं काहीतरी करून गेला. कुठलाही आवाज आला की आईच्या डोक्यात कळ उठायची. दार आपटलं तर ती तासभर भिंतीकडे तोंड करून पडायची. चमचा बशीला लागला तरी तिच्या डोळ्यांत पाणी यायचं. डॉक्टर झाले, औषधं झाली, आणि शेवटी सगळ्यांनी हात टेकले. मग घरानंच स्वतःला आवरून घेतलं.

वडील आधीच गेले होते. घरात आई, ती, धाकटा भाऊ आणि भावजय. खुर्च्यांच्या पायांना जुन्या घोंगडीचे तुकडे बांधले गेले. दारावरच्या घंटीची तार कापली. भिंतीवरचं घड्याळ उतरवलं, कारण ते टिकटिक करायचं. काचेची आणि धातूची भांडी माळ्यावर गेली, त्यांच्या जागी प्लॅस्टिकची आली. नळाला एक दोरा बांधला, म्हणजे पाणी थेंब थेंब न पडता दोऱ्यावरून गुपचूप बादलीत उतरेल. खोकला आला तर उशीत तोंड खुपसायचं. बोलायचं ते कुजबुजत, आणि तेही कामापुरतं.

त्याच वर्षी भावाला मुलगी झाली. तान्ह्या पोरीला कोण सांगणार की रडू नकोस म्हणून. सहा आठवडे त्या घरात काय चाललं होतं ते कुणी नंतर बोललं नाही. शेवटी एका सकाळी हळूबाई भावाला जिन्यात घेऊन गेली आणि म्हणाली, "तू पोरीला घेऊन वेगळा राहा. मी आहे इथे."

भाऊ म्हणाला, "ताई, तुझं कसं होणार?"

"माझं काय व्हायचंय," ती म्हणाली.

भाऊ गेला. महिन्यातून एकदा यायचा, बूट जिन्यातच काढून. भाची वाढली ती आजीला दारातून बघतच. दाराशी उभी राहायची, हात हलवायची, आणि बापाचं बोट धरून परत जायची. अशी एकोणीस वर्षं गेली.

आई गेली ती एका मंगळवारी दुपारी. हळूबाई जेवायच्या सुट्टीत घरी आली तेव्हा सगळं नेहमीसारखंच शांत होतं, त्यामुळे पहिली दहा मिनिटं तिला कळलंच नाही. तिनं सूप गरम केलं, प्लॅस्टिकच्या वाटीत ओतलं, आणि आत नेलं.

लोक आले. मोठमोठ्यानं बोलले. ती प्रत्येकाच्या बोलण्यावर ओठांवर बोट नेई, आणि मग बोट तिथेच ठेवून उभी राही. ती रडली नाही. भावजयीनं पाठीवरून हात फिरवत सांगितलं, रडून घ्या, बरं वाटेल. हळूबाईनं प्रयत्न करून पाहिला. काही आलं नाही. दात काढण्याआधी इंजेक्शन दिलेली माणसं ती रोज बघायची, स्वतःच्याच गालाला बोट लावून बघणारी, हा गाल कुणाचा आहे असं तोंड करून. तिला सगळीकडूनच तसं झालं होतं. चौथ्या दिवशी ती कामावर गेली. घरी आली की मोजे घालून वावरे. दोरा नळाला तसाच होता. तो सोडायचं तिच्या डोक्यातच आलं नाही.

आईला जाऊन दोन महिने झाले असतील, तेव्हा एका शनिवारी भाची आली. दार वाजवलं आणि सरळ आत येऊन खणखणीत आवाजात म्हणाली, "आत्या, माझं एक काम कर ना."

भेटायला आलेले लोक गेल्यापासून त्या घरात एवढा मोठा माणसाचा आवाज झाला नव्हता. हळूबाईची नजर आपोआप आतल्या खोलीकडे गेली. भाचीच्या ते ध्यानात आलं, पण ती थांबली नाही.

काम असं होतं. भाची शिकत होती आणि रविवारी एका डिस्कोत लोकांचे कोट आणि पिशव्या सांभाळायची. डिस्को म्हणजे फार काही भपक्याची जागा नव्हती. फर्निचरच्या गोदामावरचा एक हॉल. संध्याकाळी तो टेबल टेनिसवाल्यांना लागायचा, म्हणून रविवारी दुपारी तीन ते सहा एवढाच वेळ नाचणाऱ्यांना मिळायचा. भाचीच्या जोडीची मुलगी आजारी पडली होती.

"तुला काही बोलावं लागणार नाही," भाची म्हणाली. "कोट घ्यायचा, नंबराचा पितळी बिल्ला द्यायचा. जाताना बिल्ला घ्यायचा, कोट द्यायचा."

"मला डिस्कोतलं काय कळतं," हळूबाई म्हणाली.

"कोटातलं कळतं ना?"

नाही म्हणायलाही थोडी ताकद लागते. तेवढी तिच्यात नव्हती. ती गेली.

हॉलला खिडक्या होत्या, त्यांना काळे पडदे लावले होते, आणि पडद्यांच्या फटीतून भर दुपारचं ऊन जमिनीवर पट्ट्यापट्ट्यांनी पडलं होतं. छताला एक आरशाच्या तुकड्यांचा गोळा. एका बाजूला दोन स्पीकर, कपाटाएवढे. कोटांची खोली जिन्यापाशी होती, मध्ये एक खिडकी आणि खिडकीला फळी. तीन वाजता पोरंपोरी येऊ लागली. हळूबाई कोट घेत होती, बिल्ले देत होती. आतून नाचाची गाणी ऐकू यायची, एकासारखं एक, ठेक्यात, गोडगोड. कशानंच काही झालं नाही. पावसाळी दिवशी बस जाते तसं ते जात होतं.

साडेचारला मध्यंतर झालं. सगळे थंड प्यायला खाली उतरले आणि हॉल रिकामा झाला. भाचीही गेली. आणि तेवढ्यात आतून एक किंचाळी आली. माणसाची नव्हे. तारेची, यंत्राची. लांबत गेली, वाकली, आणि तुटायच्या बेतात असताना तिच्याखाली काहीतरी कोसळलं, धडाधड, मालवाहू गाडीतून लोखंड उतरवावं तसं.

हळूबाई उठली. वीस वर्षं यंत्राजवळ काढलेली बाई, बिघडलेलं चाक लांबून ओळखणारी. ती सरळ आत गेली. स्पीकरशेजारच्या उंच टेबलामागे रेकॉर्ड लावणारा एकटाच बसला होता, तिशीतला, डोक्यावर निम्मे केस उरलेला, हातात अर्धं सँडविच.

ती म्हणाली, "तुमचं यंत्र बिघडलंय."

अर्थात त्याला काही ऐकू गेलं नाही. त्यानं कान पुढे केला. तिनं परत सांगितलं. त्यानं आवाज थोडा कमी करून विचारलं, "काय म्हणालात, मावशी?"

"यंत्र. काहीतरी घासतंय."

तो हसला, पण चांगलं हसला. "बिघडलेलं नाही ते. ते असंच आहे. रॉक म्हणतात याला. ती गिटार आहे, विजेवरची."

हळूबाईनं थोडा विचार केला. "म्हणजे हे मुद्दाम केलंय?"

"मुद्दाम."

"इतक्या मोठ्यानं?"

"हळू केलं तर ते राहतच नाही."

"त्यांचे शेजारी काही म्हणत नाहीत?"

हे ती थट्टेनं विचारत नव्हती. तिचा चेहरा बघून त्याचं हसू थांबलं. तो म्हणाला, "शेजाऱ्यांचं मला माहीत नाही. तुम्हाला ऐकायचंय का? मध्यंतराची वीस मिनिटं माझी असतात. तेव्हा मला कुणी विचारत नाही." आणि त्यानं आवाज पुन्हा होता तिथे नेला.

ती स्पीकरसमोर उभी राहिली, चार हातांवर. काय वाटलं म्हणाल तर मनाला काही वाटलं नाही. आनंद झाला नाही, आई आठवली नाही. पण अंगाला कळत होतं. आधी तळपायांना, मग पोटाला. कपड्यांची बटणं थरथरायला लागली. एक माणूस गंजलेल्या आवाजात काहीतरी ओरडून सांगत होता, ते तिला एक अक्षरही समजलं नाही. ओरडणं मात्र समजलं. तो माणूस दार आपटत होता, भांडी फेकत होता, आणि कुणी भिंतीकडे तोंड करून पडत नव्हतं. मग तिच्या लक्षात आलं की आपलं तोंड उघडं आहे. खालचा जबडा लोंबतोय. तिनं तो मिटायचा प्रयत्न केला, तर तो मिटेना.

वीस मिनिटं संपली. लोक वर यायला लागले तशी ती परत खिडकीत जाऊन बसली आणि बिल्ले लावून ठेवू लागली. भाचीनं विचारलं, "आत्या, कंटाळलीस का?"

"नाही," ती म्हणाली.

सोमवारी तिचा जबडा इतका दुखत होता की पाव चावता येईना. डॉक्टरांनी तिला रुग्णाच्या खुर्चीत बसवलं, दिवा ओढला, आत पाहिलं आणि आरसा बाजूला ठेवला. "बाई, तुम्ही दात आवळून ठेवता. दाढा सपाट झाल्यात. हे एका दिवसाचं काम नाही, वर्षानुवर्षांचं आहे. आता काहीतरी सैल पडलंय म्हणून दुखतंय. काय केलंत?"

"काल डिस्कोत गेले होते," हळूबाई म्हणाली.

डॉक्टरांनी कान पुढे केला. तिनं परत सांगितलं. डॉक्टरांनी पुढे काही विचारलं नाही. त्यांना वाटलं, आपले कान खरंच गेले.

भाचीच्या जोडीची मुलगी बरी झाली, पण तिनं ते काम सोडलं, आणि हळूबाई रविवारी जात राहिली. साडेचारला ती हॉलमध्ये जायची, स्पीकरसमोर त्याच जागी उभी राहायची. नाचली कधीच नाही. मानही हलवायची नाही. रेकॉर्डवाला एकेक नवीन काढायचा आणि नुसता रेकॉर्डच्या पाकिटाचा पुठ्ठा उचलून दाखवायचा. तिला नावं लक्षात राहायची नाहीत. तिची ओळखायची रीत वेगळी होती. 'ते करवतीचं', 'ते ज्यात पाऊल घसरतं', 'ते ज्यात तो मधेच थांबतो आणि कुणीतरी खोकतं'. त्याला ते बरोबर कळायचं.

एकदा त्यानं तिला एक कॅसेट भरून दिली. भाचीनं आपला जुना टेपरेकॉर्डर आणून दिला. हळूबाईनं तो आतल्या खोलीत, आईच्या पलंगाशेजारच्या स्टुलावर ठेवला, कारण विजेचा प्लग तिथेच होता. कॅसेट लावली आणि आवाज अगदी कमी ठेवला. त्या आवाजात ते गाणं म्हणजे डबीत अडकलेला डास. रेकॉर्डवाला खोटं बोलला नव्हता, हळू केलं तर ते राहतच नव्हतं. तिनं आवाजाच्या बटणावर बोट ठेवलं. बोट वळेना. बटण सैल होतं, लहान मुलालाही फिरवता आलं असतं. तिनं टेप बंद केली. तसं पुढचे तीन आठवडे झालं. कामावरून यायचं, हात धुवायचे, टेप लावायची, डास ऐकायचा, बंद करायची.

मग एका सुट्टीच्या सकाळी भाऊ आला. सवयीनं बूट जिन्यात काढून. तिनं त्याला पाणी दिलं. तो आतल्या खोलीत डोकावला आणि तिथेच थबकला.

"ताई, हे काय?"

"टेप."

"ते दिसतंय. आईच्या खोलीत?"

"प्लग तिथे आहे."

भाऊ पलंगाच्या कडेला बसला. त्याला रागवायचं होतं, पण त्या खोलीत रागवायची त्याला सवय नव्हती, म्हणून तो कुजबुजतच रागावला. "पोरगी सांगत होती तू दर रविवारी तिथे जातेस म्हणून. मला वाटलं थट्टा करतेय. आईला जाऊन चार महिने नाही झाले. लोक काय म्हणतील ते सोड. तुला स्वतःला काही वाटत नाही का?"

"नाही वाटत," हळूबाई म्हणाली. "तेच तर. काहीच वाटत नाही. तिथे गेल्यावर निदान पाय थरथरतात."

भाऊ म्हणाला, "तूच मला जा म्हणाली होतीस."

"हो. मीच म्हणाले होते."

"मी एकदा तरी विचारायला हवं होतं, परत येऊ का म्हणून."

"विचारलं असतंस तर मी नको म्हटलं असतं."

भाऊ मान खाली घालून आपल्या मोज्यांकडे बघत बसला. हळूबाई त्याच्या बाजूनं वाकली, टेपचं बटण दाबलं, आणि आवाजाचं बटण धरलं. भाऊ समोर होता म्हणून असेल, किंवा बोट एकदाचं दमलं म्हणून असेल. ते वळलं. शेवटपर्यंत.

ते 'करवतीचं' होतं. खिडकीची काच झणझणली. माळ्यावरची धातूची भांडी, एकोणीस वर्षं मुकी पडलेली, एकमेकांवर वाजायला लागली. भावानं दोन्ही कानांवर हात ठेवले, मग एक काढला, मग दुसरा. त्याचे डोळे भरून आले. तिचे कोरडे होते. ती त्याच्याकडे बघत होती, जरा हेव्यानंच.

गाणं अर्ध्यावर असताना दार वाजलं. खालच्या मजल्यावरचे निवृत्त पोस्टमास्तर धापा टाकत वर आले होते, हातात काठी. त्यांना बघताच हळूबाईनं धावत जाऊन टेप बंद केली.

"कुणी पडलं का?" पोस्टमास्तरांनी विचारलं.

"नाही, काका. गाणं लावलं होतं. चुकलं माझं. आता नाही लावणार."

पोस्टमास्तर दाराच्या चौकटीला टेकले. श्वास जागेवर आल्यावर म्हणाले, "लाव की. मी तुला ओरडायला नाही आलो. मला एक विचारायचं होतं, केव्हापासून. म्हटलं कसं विचारावं." त्यांनी काठी दुसऱ्या हातात घेतली. "आता आवाज केलेला चालतो का?"

हळूबाईला आधी प्रश्नच कळला नाही.

"म्हणजे," ते म्हणाले, "तुझ्या आईची खोली माझ्या खोलीच्या बरोब्बर वर. पहिल्याच वर्षी तुझ्या भावानं खाली येऊन सांगितलं होतं, काका जरा सांभाळा. तेव्हापासून आम्हीही घरात मोजेच घालतो. आमच्या हिचा फोटो आहे, ही गेली तेव्हा मोठा करून आणलेला. त्याला खिळा ठोकायचा राहिलाय. बारा वर्षं झाली, कपाटात कपड्यांमागे आहे."

भाऊ उठून दारात आला होता. तो पोस्टमास्तरांकडे बघतच राहिला. त्यानं खाली जाऊन तसं सांगितलं होतं हे तो स्वतःच विसरून गेला होता.

हळूबाई म्हणाली, "चालतो, काका. ठोका."

पोस्टमास्तरांना या वेळी तिचं बोलणं पहिल्याच झटक्यात ऐकू गेलं. ती मोठ्यानं बोलली होती असं नाही. ते टक लावून तिच्या ओठांकडे बघत होते.

लगेच गेले ते. थोड्या वेळानं खालून ठोकायचा आवाज यायला लागला. म्हातारा हात, त्यामुळे एक घाव बसे आणि दोन चुकत. भाऊ म्हणाला, "मी जाऊन ठोकून देऊ का?" ती म्हणाली, "नको, त्यांना ठोकू दे." दोघं आईच्या पलंगावर बसून ऐकत राहिली. खिळा बसायला बराच वेळ लागला.

त्या दिवशी जाताना भावानं नळाचा दोरा सोडला. तिला विचारलं नाही. पाणी बादलीत थेंब थेंब पडायला लागलं. पुढे आठवडाभर तिला त्याचा त्रास झाला, मग सवय झाली.

हळूबाई बदलली असं काही झालं नाही. कामावर तिला अजून हळूबाईच म्हणतात. फरक एवढाच की कवळ्यांच्या खोलीत दुपारी टेप लागते आणि पॉलिशचं चाक चालू असलं तरी ती ऐकू येते. डॉक्टरांची हरकत नाही, त्यांच्या म्हणण्याप्रमाणे कान शाबूत असल्याची तीच काय ती खात्री. भाचीनं एकदा सरळ विचारलं, "आत्या, आजीसाठी तू रडलीस का गं कधी?" हळूबाई म्हणाली, "नाही. वाट पाहिली मी. आलं नाही." भाचीनं तिचा हात हातात घेतला. तो हात थंड होता आणि त्याला मेणाचा वास येत होता.

पुढच्या वर्षी फर्निचरवाल्याला तो हॉल गालिच्यांसाठी हवा झाला, आणि डिस्को बंद पडला. शेवटच्या रविवारी पोरं कमीच आली होती. साडेचारला रेकॉर्डवाल्यानं तिला टेबलापाशी बोलावलं. त्याला दुसऱ्या गावी रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात काम मिळालं होतं.

"आज तुम्ही सांगा, मावशी. कुठलं लावू?"

"ते," ती म्हणाली, "ज्यात तो थांबतो आणि कुणीतरी खोकतं."

त्यानं शोधून ते लावलं. या वेळी थंड प्यायला गेलेल्यांपैकी चारपाच जण लवकर परत आले आणि तेही भिंतीशी उभे राहून ऐकू लागले. भाची आत्याच्या शेजारी येऊन उभी राहिली. गाणं संपल्यावर रेकॉर्डवाल्यानं हात पुढे केला, हळूबाईनं तो धरला, आणि म्हणाली, "तुमची खालची डावी दाढ दाखवून घ्या. हसताना तुम्ही त्या बाजूनं ओठ ओढून घेता." तो म्हणाला, दाखवतो.

सहाला सगळे कोट गेले. एक पिशवी तेवढी कुणी न्यायला आलं नाही, ती भाचीनं खाली गोदामवाल्याकडे दिली. पितळी बिल्ले एका डब्यात भरले. मग दोघी बसनं घरी आल्या, भाची तिच्या थांब्यावर उतरली, हळूबाई पुढच्या. सोमवारी एका बसचालकाची वरची कवळी द्यायची होती आणि त्याचे पुढचे दोन दात अजून मेणातच होते.